शिकाऊ हात आणि परक्याचे छप्पर

लोखंडाचे दोन तुकडे विजेच्या ठिणगीने एकमेकांस जोडावयाचे, या कामात नीतीचा प्रश्न तो कोणता, असे कोणासही वाटेल. डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, न्यायाधीशांच्या कामात विवेकाची कसोटी लागते हे आपण सहज मान्य करतो; वेल्डिंगच्या दुकानात मात्र आपण भाव विचारतो, माप देतो आणि घरी येतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर अशी दुकाने गावोगावच्या वेशीपाशी आहेत. उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा उलटा टाकलेला, कुणाच्या तरी घराचे अर्धवट गेट भिंतीला टेकवलेले, आणि मधोमध उकिडवा बसलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, एका हातात होल्डर आणि दुसऱ्या हातात काच. तो शिकतो आहे. कोणतीही विद्या चुका करीतच शिकावी लागते, हेही खरे. पण तो ज्या वस्तूवर शिकतो आहे ती कोणाच्या घरी जाणार आहे? हा प्रश्न त्या मुलाचा आहे, त्याच्या उस्तादाचा आहे, आणि ते गेट स्वस्तात करून मागणाऱ्या तुमचा-माझाही आहे.

लातूरचे नाव घेताच आपल्या मनात येतो तो 'लातूर पॅटर्न'. बारावीच्या गुणांची आणि वैद्यकीय प्रवेशांची गणिते या शहराने साऱ्या महाराष्ट्राला शिकविली. पुढे नांदेडनेही तोच मार्ग धरला. त्या शिकवण्यांच्या इमारतींसमोर पालक उभे असतात, त्यांत आपल्या धर्मग्रामांतील आईवडीलही असतात. ज्या मुलाचा नंबर लागत नाही तो घरी परततो आणि एक दिवस म्हणतो, "बाबा, मी वेल्डिंग शिकतो." तेव्हा घरात जी शांतता पसरते ती मला फारशी ख्रिस्ती वाटत नाही. ज्याला सारे जग सुताराचा मुलगा म्हणून ओळखत होते, त्याची तसबीर त्याच भिंतीवर टांगलेली असते. (शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत योसेफाच्या धंद्यासाठी आलेला 'टेक्टॉन' हा शब्द केवळ लाकूडकामापुरता नाही, बांधकाम करणाऱ्या कारागिरालाही तो लागू पडतो, असे अभ्यासक सांगतात.) शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आणि आठवी उत्तीर्ण मुलासही तेथे प्रवेश मिळत आला आहे. एवढ्या अल्प मुदतीत हाती येणारी विद्या म्हणजे हलकी विद्या, असा आपला समज. तो कितपत खरा, ते पाहू.

नवशिका आधी यंत्राविषयी विचारतो. दुकानात जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो अवजड, दोन माणसांना उचलावा लागणारा, पण वर्षानुवर्षे मार खाणारा. बहुधा त्याला थ्री-फेज जोडणी लागते. अलीकडे खांद्याला अडकवून नेता येतील असे इन्व्हर्टर आले आहेत. ते घरगुती सिंगल-फेजवरही चालतात, ठिणगी लवकर धरतात आणि शिकणाऱ्याला सोयीचे पडतात. खोक्यावर दोनशे अँपिअर छापलेले असले म्हणजे यंत्र तितके देईलच असे नाही, आणि दिले तरी किती मिनिटे सलग देईल, हे वेगळे विचारावे लागते. नवशिक्याला तितक्याची गरजही नसते. बारा नंबरच्या, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला साठ ते नव्वद अँपिअर पुरतात. दहा नंबरच्या रॉडला नव्वद ते एकशेतीस. हा हिशोब कोणताही उस्ताद सांगेल. तो जे सहसा सांगत नाही ते असे, की घराच्या वायरिंगला आणि मीटरला हे ओझे पेलते काय याची खात्री यंत्र घेण्याआधी करावयाची असते, आणि यंत्राच्या आधी काळ्या काचेचे हेल्मेट, चामडी हातमोजे, बंद बूट आणि अंगावर सुती कपडा घ्यावयाचा असतो. टेरिलिनचा शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो.

येथपर्यंत सारा हिशोब स्वतःच्या सोयीचा. पण विजेच्या तारेचे दुसरे टोक गावात असते. ज्याला मंजूर जोडणी परवडत नाही तो तारेवर आकडा टाकतो. रात्री पाण्याची पाळी असलेल्या शेतकऱ्याची मोटर त्याच तारेवर असते आणि शेजारणीचा दिवाही त्याच तारेवर मिणमिणतो. आकडा टाकणाऱ्याला आपण चोरी करतो असे वाटत नाही, कारण ज्याचे घेतले त्याचा चेहरा त्याला दिसत नाही. ठिणगीचेही तसेच. रस्त्याच्या कडेला आडोसा न लावता काम चालते. शाळेतून येणारी मुले त्या निळ्या उजेडाकडे टक लावून पाहतात, त्यांना त्यात मौज वाटते. त्या क्षणी काहीच होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाणी वाहते, आई बटाट्याच्या चकत्या ठेवते. जंबुपार किरणांनी डोळ्याचा वरचा पडदा भाजलेला असतो. एका पोत्याचा किंवा पत्र्याचा आडोसा केला असता तर हे टळले असते. ज्याने तो केला नाही त्याला त्या मुलाचे रडणे कधीच ऐकू येणार नसते.

परिणाम एकीकडे आणि कर्ता दुसरीकडे, हा या धंद्याचा स्वभावच आहे, आणि तो सर्वांत अधिक दिसतो तो प्रत्यक्ष सांध्यात. रॉडच्या टोकाशी जी ज्योत उठते तिच्यापुढे दीड हजार अंशांवर वितळणारे लोखंड मेणासारखे होते. रॉडही वितळतो, त्यावरचे लेपन जळून वायूचे आणि मळीचे आवरण तयार होते, आणि त्या आवरणाखाली दोन्ही तुकड्यांच्या कडा आणि रॉडचे लोखंड यांचे मिळून एक लहानसे डबके होते. ते डबके गोठले की सांधा झाला. कडा खरोखर वितळल्या असतील तरच तो सांधा. वीज कमी पडली, हात घाईने सरकला, पावसाळ्यात रॉड ओलसर राहिले, गंज आणि रंग खरवडून काढला नाही, तर नवे लोखंड जुन्याच्या अंगावर नुसते चिकटून बसते, भिंतीवर थापलेल्या गोवरीसारखे. वरून दोन्ही सारखेच दिसतात. किंबहुना नवशिक्याचा फसलेला सांधा कधीकधी अधिक गुबगुबीत आणि देखणा दिसतो. खपली झाडली, ग्राइंडर फिरविला, रेड ऑक्साइडचा हात मारला, की देवदूतालाही फरक कळणार नाही. फट मोठी राहिली असेल तर तीत सळईचा तुकडा सारून वरून रॉड ओढण्याची युक्तीही या धंद्यात जुनी आहे.

आत काय आहे हे न दिसणे किती महाग पडते, हे लातूर जिल्ह्याला कोणी सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास थोडा अवकाश असताना, किल्लारी आणि परिसरातील गावे कोसळली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले होते. माणसे दमून झोपलेली होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंप सहा रिश्टरहून थोडा अधिक होता. जगात याहून मोठे धक्के अनेक बसतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. येथे माणसे मारली ती घरांनी. दगडी भिंती दोन-तीन फूट रुंद, पाहणाराला वाड्याची भक्कमता वाटावी अशा. परंतु त्या खऱ्या अर्थाने एक भिंत नव्हत्याच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये गोटे आणि माती, आणि दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड जवळजवळ नाहीतच. धक्का बसताच दोन थर दोन दिशांना गेले आणि वरचे मातीचे जाड धाबे खाली आले. काही घरांत लाकडी खांबतुळयांचे खण तसेच उभे राहिले, कारण सुताराने त्यांचे सांधे एकात एक बसविले होते.

त्या गवंड्यांना मी दोष देत नाही. परंपरेने जे हाती दिले ते त्यांनी केले, आणि स्वतःही त्याच घरांत राहिले. फरक लक्षात घ्यावा असा एवढाच, की ज्याला सांधा ठाऊकच नव्हता त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याला तो ठाऊक असून त्याने टाळला त्याची वेगळी. भूकंपानंतर मराठवाड्यात माणसे मातीच्या धाब्याला भ्याली आणि पत्र्याच्या, अँगलच्या, लोखंडी कैच्यांच्या आश्रयाला अधिकाधिक गेली. जो विश्वास आपण गवंड्यावर टाकत होतो तो हळूहळू वेल्डरवर टाकला गेला, आणि तो टाकताना आपण त्याला काही विचारले नाही.

संत थॉमस अक्विनास यांनी अॅरिस्टॉटलच्या पावलावर पाऊल टाकून एक फार सूक्ष्म भेद केला आहे. कला आणि सुज्ञता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणतात. कला पाहते ती केलेल्या वस्तूचे चांगलेपण. सुज्ञता पाहते ती करणाऱ्या माणसाचे चांगलेपण. म्हणून कलेच्या दृष्टीने, जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चूक करणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ कारागीर ठरतो, कारण त्याला बरोबर काय ते येते. सुज्ञतेच्या आणि सद्गुणांच्या बाबतीत मात्र क्रम उलटा लागतो. हे वेल्डिंगच्या दुकानात लावून पाहावे. फटीत सळई सारणारा उस्ताद हा नवशिक्यापेक्षा चांगला वेल्डर आहे यात शंका नाही, आणि त्याच्यापेक्षा वाईट माणूस आहे यातही नाही. पण मग नवशिका निर्दोष ठरतो काय? येथे मला थॉमसच्या भेदापाशी थोडे थांबावेसे वाटते. सांधा फसला हे त्याला कळले नाही, हे मान्य. परंतु आपल्याला अजून कळत नाही, एवढे तरी त्याला कळते. हे ठाऊक असताना त्याने डोक्यावरच्या टाकीचा स्टँड करावयास घेतला, तर ती चूक हाताची राहत नाही, निवडीची होते.

टाकीच्या स्टँडचे उदाहरण मी मुद्दाम घेतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे साऱ्या देशाने पाहिले. पाणी आठ-दहा दिवसांनी येणार असेल तर घरोघरी ते साठवावे लागते. साठवण छपरावर जाते, आणि छपरावर गेली की तिला लोखंडी स्टँड लागतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते चार पायांवर उभे असते, आणि त्या पायांची ताकद आठ-दहा सांध्यांत असते. खाली अंगणात पोरे खेळतात. असा स्टँड घडवून घेताना आपण काय विचारतो? किलोचा भाव. या धंद्यात गेट, जाळी, स्टँड, शेड बहुतेक वजनावर ठरते: लोखंड इतके किलो, मजुरी किलोला इतकी. सांध्याचे वजन काय भरणार! संपूर्ण वस्तूत ज्याच्यावर जीव अवलंबून आहे तेवढ्याच भागाचा भाव शून्य ठरतो, आणि मग कारागिराने तो भाग नीट का केला नाही म्हणून आपण हळहळतो. दोन दुकानांत रुपया-दोन रुपयांची घासाघीस करून आपण ज्या दुकानात शिरतो तेथे काम उस्तादाच्या हातचे नसते, शिकाऊ मुलाच्या हातचे असते. म्हणजे मुलाच्या शिक्षणाचा खर्च अखेर तो भरतो ज्याच्याजवळ महाग दुकानात जाण्याइतके पैसे नसतात. श्रीमंताच्या बंगल्याचे गेट पारखलेला हात करतो आणि शेतमजुराच्या पत्र्याची कैची शिकाऊ हात करतो. सरकारी रुग्णालयातही शिकाऊ डॉक्टर गरिबावरच शिकतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, परंतु तेथे त्याच्या मागे एक वरिष्ठ उभा असतो, निदान असावा असा नियम आहे. पत्र्याच्या शेडखाली असा नियम कोणी केला?

उलट बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण मोडतोड झाली की पहिला दोष शिकाऊ हातालाच देण्याची आपली सवय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेटऐवजी वेल्डिंगने जहाजे बांधण्याचा सपाटा लावला. 'लिबर्टी' जातीचीच सत्तावीसशेहून अधिक जहाजे तरली. ती जोडणाऱ्यांत शेतांतून आणि घरांतून आलेले हजारो नवशिके होते, स्त्रिया होत्या. १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज मोठा आवाज करून मधोमध तुटले. बोट लगेच वेल्डरांकडे दाखविले गेले. काही सांधे खरेच सदोष होते. पण इतर जहाजेही तडकत राहिली, तेव्हा केंब्रिजमधील धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की त्या काळचे पोलादच थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. शिवाय रिव्हेटच्या बांधणीत एका पत्र्याची चीर तेथेच थांबत असे. वेल्डिंगने सारे पत्रे अखंड झाल्यामुळे ती बिनअडथळा पुढे धावली. दोष हातात थोडा, धातूत अधिक आणि आराखड्यात बराच होता. आपल्याकडेही सोळा गेजचा म्हणून विकलेला पाइप अठराचा निघतो, भंगारातून आलेल्या अँगलची जात कोणालाच ठाऊक नसते, आणि ट्रॉली जितक्या उसासाठी बांधली त्याच्या दीडपट ऊस तिच्यावर लादला जातो. हूक तुटला की शिव्या मात्र वेल्डरच्या वाट्याला येतात.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी काढलेल्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स' या परिपत्रकात, काम माणसासाठी असते आणि कामाचे मोल ते करणाऱ्या माणसामुळे ठरते, असे प्रतिपादन केले आहे. या वचनाचा आधार घेऊन शिकाऊ मुलाला सर्व काही माफ करण्याचा मोह होतो. मला तो अर्थ पटत नाही. काम करणारा माणूस मोठा आहे, म्हणूनच त्याच्याकडून उत्तर मागता येते. यंत्राकडून कोणी मागत नाही.

मग शिकावे कसे? घर बांधूनच माणूस गवंडी होतो, असे अॅरिस्टॉटलने सांगितले, आणि लगेच पुढे हेही सांगितले, की बांधूनच माणूस वाईट गवंडीही होतो. म्हणून तर गुरू लागतो. नुसता सराव माणसाला घडवीत नाही, चुकीची सवयही तो तितक्याच निष्ठेने पक्की करतो. मराठवाड्याच्या बोलीत निजामशाहीपासून राहिलेला 'उस्ताद' हा शब्द अजून दुकानात ऐकू येतो. उस्तादाचे पहिले कर्तव्य मुलाला काम देण्याचे नव्हे, काम न देण्याचे आहे. भंगारातून आणलेल्या जाड पट्टीवर आधी नुसत्या रेघा ओढावयाच्या. रॉडचे टोक लोखंडापासून रॉडच्या जाडीइतकेच दूर राहील, हात एका चालीने सरकेल, कान तळणीच्या सारख्या आवाजाकडे राहील, असे दिवसचे दिवस. मग दोन तुकडे काटकोनात जोडावयाचे, आणि जोडलेले शिकंजात धरून घणाने तोडावयाचे. तुटलेल्या पृष्ठभागावर सारे लिहिलेले असते: कोठे कड वितळलीच नाही, कोठे मळी अडकली, कोठे वायूची भोके राहिली. स्वतःचा देखणा सांधा स्वतःच्या हाताने तोडणे मुलाच्या जिवावर येते. ज्या उस्तादांकडे हे तोडणे चालते त्यांच्याकडे मुले टिकत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते, कारण शेजारच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात गेट मिळते आणि हातात पैसा पडतो.

त्यानंतर मोडली तर आपल्याच अंगावर येईल अशी वस्तू करावी. बसावयाचे स्टूल, स्वतःच्या गोठ्याची गव्हाण, आपल्याच दाराची कडी. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर काम आले तर मोकळ्या हवेत, कारण त्या धुराने रात्री हिव भरून ताप येतो, आणि गूळ खाऊन तो उतरतो हा समज खोटा आहे. तेलाचे वा डिझेलचे बंद पिंप कोणी जोडावयास आणले तर साफ नाही म्हणावे, ओळखीचा असला तरी. रिकामे दिसणारे पिंप आतल्या वाफेने फुटते. टाकीचा स्टँड, झोक्याची कडी, जिना, ट्रॉलीचा हूक, शाळेच्या व्हरांड्याचे छत, हे सारे दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय हातावेगळे करू नये.

येथे गिऱ्हाइकाचीही एक बाजू उरते, आणि आपण वाचक बहुतेक गिऱ्हाईकच असतो. स्टँड रंगविण्याआधी पाहावयास मागावा. सांध्यासाठी किलोच्या हिशोबाबाहेर वेगळी मजुरी देऊ करावी आणि तसे तोंडाने सांगावे. दुकानात शिकाऊ मुलगा असेल तर त्याला हाकलावे असे माझे म्हणणे नाही. त्याच्याकडून खिडकीची जाळी करून घ्यावी, पैसे पुरते द्यावेत, आणि छपरावरचे काम उस्तादाने करावे एवढा आग्रह धरावा. ज्याला पुरते पैसे देणे शक्य नाही अशा घराचे काय, याचे उत्तर एकट्या गिऱ्हाइकापाशी नाही. धर्मग्रामात भांडी, मंडप, खुर्च्या सामाईक असतात. पारखलेल्या हाताने केलेले टाकीचे दहा-वीस स्टँड सामाईक खर्चाने करून गरजूंना देणे त्याहून अवघड नसावे.

लातूरजवळ हरंगुळ येथे रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आणि २५ डिसेंबर २०२० रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. अशा कारखान्यांत वेल्डरची आधी परीक्षा होते, त्याने केलेला नमुना तोडून पाहिला जातो, मगच त्याला खऱ्या डब्याला हात लावू देतात. पुढेही सांधे उपकरणांनी तपासले जातात. तेथून काही मैलांवर चाकूरच्या रस्त्यावर तोच रॉड, तेच लोखंड आणि तसाच एक मुलगा असतो. त्याचा सांधा कोणी तपासणार नाही. डबके वितळलेले असताना काळ्या काचेतून, दोन-तीन सेकंद, कडा वितळल्या की नाही हे दिसते, आणि ते फक्त त्यालाच दिसते.